पाऊण चमचा इंजिन, सहा लाख फेरे

भोसरीतल्या एका वर्कशॉपचं मागचं अंगण. रविवार असल्यामुळे पॉवर प्रेस बंद, लेथ बंद, रस्त्यावर टेम्पोसुद्धा नाही. माझा मित्र स्टुलावर बसलाय. समोरच्या लाकडी खोक्यावर हातभर लांबीची, वरची बॉडी काढलेली रिमोटची रेसिंग कार आहे आणि तिच्या इंजिनाला तो हेअर ड्रायरनं शेक देतोय. ड्रायर बायकोचा होता. आता तिचा राहिलेला नाही.

मधूनमधून तो लाल ठिपक्याचा थर्मामीटर इंजिनाच्या डोक्यावर रोखतो. "पासष्ट. अजून पाच मिनिटं." बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून बसलेल्या आजीसारखी त्यालाही घाई नाही. इंजिन कोरं आहे, अजून एकदाही पेटलेलं नाही. आज त्याचं रन-इन.

रन-इन हा शब्द आपल्याकडच्या एका पिढीला नीट ठाऊक आहे. नवी चेतक घरी आली की पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, मागे कुणाला बसवायचं नाही, घाट तर नकोच, असा घराघरांत दंडक असायचा. चाळीसच्या वेगानं हजार किलोमीटर म्हणजे २५ तास. हा २५चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी इंजिन किती मोठं ते सांगतो. स्वयंपाकघरातल्या चहाच्या चमच्यात ५ सीसी पाणी मावतं. या इंजिनाच्या सिलिंडरची क्षमता ३.५ सीसी. म्हणजे पाऊण चमचासुद्धा धड नाही. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराच्या ऑन-रोड गाड्यांना, म्हणजे गुळगुळीत डांबरी ट्रॅकवर पळणाऱ्यांना, नियमानं एवढंच मोठं इंजिन चालतं. एक दशांश आकाराच्या गाड्यांना त्याहून लहान, २.१ सीसीचं. पिस्टनचा व्यास १६ मिलिमीटरच्या जरा वर आणि वरखाली हालचाल १६.८ मिलिमीटरची. आपल्या करंगळीचं शेवटचं पेर सिलिंडरमध्ये बसेल, जेमतेम.

आणि हे इंजिन मिनिटाला ४०,००० फेरे घेतं.

आकडा ऐकून मान डोलावणं सोपं आहे, म्हणून तो जरा फोडून बघू. ४०,००० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ६६७ फेरे. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. सिग्नलला उभी असलेली बुलेट सेकंदाला आठेक स्फोट करते, म्हणून तिचा डुगडुग आवाज आपल्याला सुटा सुटा ऐकू येतो, मोजतासुद्धा येईल. ६६७ स्फोट कानाला सुटे लागत नाहीत, त्यांचा सूर होतो. मी घरी येऊन हार्मोनियमशी ताडून पाहिलं. काळी एकचा षड्ज धरला तर सेकंदाला ६६५ कंपनं हा कोमल गंधार येतो. सप्तक कुठलं ते विचारू नका, गवयाच्या गळ्यापलीकडचं आहे. पण सूर पक्का. पूर्ण वेगात समोरून जाणारी ही गाडी कोमल गंधार लावून जाते. वळणाआधी वेग सोडला की सूर ओघळतो, वळण संपलं की पुन्हा चढतो. मित्र डोळे मिटून सांगू शकतो, गाडी ट्रॅकच्या कुठल्या टोकाला आहे ते.

आता त्या करंगळीएवढ्या सिलिंडरच्या आत जाऊ.

एका फेऱ्यात पिस्टन १६.८ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. सेकंदाला ६६७ वेळा हे केलं की सरासरी वेग होतो सेकंदाला साडेबावीस मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. एक्स्प्रेसवेवरच्या ट्रकचा वेग. फरक एवढाच की ट्रकला पुढे रस्ता असतो. या पिस्टनला पावणेदोन सेंटीमीटरची खोली आहे आणि तिच्या दोन्ही भिंतींपाशी थांबून त्याला उलटं फिरायचंय. सेकंदाला १,३३४ वेळा तो शून्यावर येतो आणि १,३३४ वेळा पुन्हा वेग घेतो.

या थांबण्या-निघण्याचा हिशेब फिजिक्सच्या अकरावीच्या पुस्तकातला आहे. क्रँकची त्रिज्या ८.४ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड ३० मिलिमीटरचा धरा, आणि मांडा. पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोचतो त्या क्षणी त्याला खाली खेचणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १९,००० पट येतं. मी तीनदा केलं, तीनदा तेच आलं. पिस्टन ३ ग्रॅमचा धरला, म्हणजे जुन्या चार आण्याच्या नाण्याइतका हलका, तर त्या क्षणी तो रॉडला ५७ किलोच्या ओझ्यासारखा ताणतो. एक धडधाकट माणूस त्या काडीएवढ्या रॉडला लटकतोय, सेकंदाला ६६७ वेळा.

तुलनेला फॉर्म्युला वनचं २.४ लिटरचं व्ही-आठ इंजिन घ्या, १८,००० फेऱ्यांची मर्यादा असलेल्या काळातलं. त्यातल्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटर. म्हणजे जवळजवळ आपल्याएवढाच! पण त्वरण साधारण साडेआठ हजार पट, आपल्या निम्म्याहूनही कमी. याचं कारण मला फार आवडतं. पिस्टनचा सरासरी वेग किती वाढवता येईल याला धातूच्या आणि तेलाच्या सहनशक्तीची हद्द असते, आणि ही हद्द इंजिन लहान असो की मोठं, साधारण सारखीच असते. तेव्हा खोली जितकी आखूड तितके फेरे जास्त. लहान इंजिनाला वेगानं फिरण्याची हौस नसते, त्याला गत्यंतर नसतं.

दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं तर २००६ साली एम्मा मर्स्क या कंटेनर जहाजात बसवलेलं इंजिन आहे. तेही टू-स्ट्रोकच, म्हणजे नात्यातलं. १४ सिलिंडर, वजन २,३०० टन. एका सिलिंडरचा व्यास ९६ सेंटीमीटर, पिस्टनची धाव अडीच मीटर. एकाच सिलिंडरची क्षमता १,८०० लिटरच्या वर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या पावणेदोन. आपल्या इंजिनाच्या पाच लाख पटींहून जास्त. पण ते मिनिटाला फिरतं १०२ वेळा. त्याचा एक फेरा होईपर्यंत भोसरीतलं हे पिल्लू ३९० फेरे मारून मोकळं. आणि ताकद? जहाजाच्या इंजिनाची लिटरमागे ४.३ अश्वशक्ती. रिमोटच्या इंजिनांची ताकद जाहिरातीत अडीच-तीन अश्वशक्ती छापतात. जाहिरातीतला अश्व नेहमीच जरा धष्टपुष्ट असतो, तेव्हा दोनच धरू. तरी लिटरमागे ५७० होतात. आपल्या दारातल्या १,२०० सीसीच्या हॅचबॅकनं या दरानं ताकद द्यायची म्हटली तर ८५च्या जागी ६८० अश्वशक्ती द्यावी लागेल.

एक आकडा मात्र मी मुद्दाम टाळतोय. ही गाडी ताशी १२० किलोमीटरनं पळते आणि ती एक अष्टमांश आहे, म्हणून बरेच जण आठानं गुणून ९६० करतात आणि विमानाशी तुलना करतात. हा गुणाकार फसवा आहे. हवा, घर्षण, गुरुत्व यांपैकी काहीही आठानं लहान झालेलं नसतं. मुंगीला माणसाएवढी केली तर ती चालेल की कोसळेल, हा प्रश्न ज्यांनी कधी स्वतःला विचारलाय त्यांना हे सांगायला नको. फेऱ्यांना आणि त्वरणाला मात्र असला कुठलाच गुणाकार लागत नाही, ते जसे आहेत तसे खरे आहेत.

ड्रायर बंद झाला. "बहात्तर." मित्र बाटलीतलं गुलाबी इंधन टाकीत सोडतो. टाकी १२५ सीसीची, म्हणजे टपरीवरचा एक मोठा कप चहा. शर्यतीत ती साधारण पाच मिनिटं पुरते. तासाभराच्या फायनलमध्ये बारा-एक वेळा गाडी पिटमध्ये येते. पिटमधला माणूस ती उचलतो, बाटली टाकीवर दाबतो, दोन-तीन सेकंदांत पुन्हा खाली सोडतो.

पाच मिनिटांत १२५ म्हणजे मिनिटाला २५ सीसी. शर्यतीत वळणं असतात, म्हणून सरासरी ३०,००० फेरे धरू. एका फेऱ्याच्या वाट्याला किती इंधन आलं? ०.८ घन मिलिमीटर. खसखशीचे दोन दाणे. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात असे साठ स्फोट असतात.

हवेचं उलट. पूर्ण वेगात हे इंजिन मिनिटाला १४० लिटर हवा ओढू शकतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर श्वास घेतो. वीस माणसांच्या बैठकीला लागेल एवढी हवा करंगळीच्या पेरातून जातेय.

त्या गुलाबी इंधनात मुख्यतः मिथेनॉल असतं. त्यात नायट्रोमिथेन, ज्याच्यावरून या सगळ्या प्रकाराला नायट्रो नाव पडलं, आणि तेल. नायट्रोमिथेन मोठं गंमतीदार द्रव्य आहे. किलोला किलो मोजलं तर त्यात पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्याएवढीच ऊर्जा. मग ते कशाला घालायचं? कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४, नायट्रोमिथेनला फक्त १.७. इंजिनात मावणारी हवा ठरलेली, तेव्हा जे इंधन हवा कमी खातं ते जास्त घालता येतं आणि एकूण धक्का मोठा मिळतो. शिदोरी बांधून आलेला पाहुणा. पण शिदोरीसकट स्वभावही घेऊन येतो. १९५८ साली अमेरिकेत नायट्रोमिथेन भरलेले रेल्वेचे दोन टँकर दोन वेगवेगळ्या ठिकाणी फुटले. युरोपीय संघानं २०२१पासून परवान्याशिवाय मिळणाऱ्या इंधनात त्याचं प्रमाण १६ टक्क्यांवर आणून ठेवलंय, कारण ते स्फोटकांच्या कच्च्या मालाच्या यादीत बसतं. त्याआधी शर्यतीत २५ टक्के सर्रास चालायचं.

तेलात एरंडेल असतं. हो, तेच. सुट्टीत आजोळी गेल्यावर आठवड्यातून एकदा पोटात जायचं ते. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळतं, आणि प्रचंड तापमानातही धातूला चिकटून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनंही एरंडेल थुंकायची आणि वैमानिकांना त्याचा व्हायचा तो परिणाम व्हायचा. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेलं. जगातलं बहुतेक एरंडेल भारतातून, त्यातही गुजरातेतून जातं. तेव्हा इटलीच्या किंवा जपानच्या इंजिनात आपल्या शेजारच्या राज्यातली एरंडी फिरत असण्याची शक्यता बरीच आहे.

इंधनात १० टक्के तेल धरलं, तर एका फेऱ्याला ०.०८ घन मिलिमीटर तेल मिळतं. सिलिंडरची आतली भिंत साधारण ८६० चौरस मिलिमीटर. सगळं तेल भिंतीवरच सारवलं असं समजलं तर थराची जाडी येते मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. केसाच्या जाडीचा सातशेवा. ताशी ८०च्या वेगानं धावणारा धातू आणि त्याची भिंत यांच्यामध्ये प्रत्येक फेरीला एवढीच ताजी भर पडते.

आणि हे सगळं पेटवायला स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, टायमिंगची काही व्यवस्थाच नाही. डोक्यावर एक ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचं बारीक वेटोळं. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं ते तापवायचं. एकदा इंजिन सुरू झालं की सेल काढून घ्या, तार आपली लालच राहते, कारण मिथेनॉलच्या वाफेशी गाठ पडली की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरच ज्वलन होतं. तापलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायूत अशी ज्वाळेविना धगधगत राहते, हे हम्फ्री डेव्हीनं १८१७ साली पाहिलं होतं. रे आर्डेन या अमेरिकी माणसानं त्याचा प्लग बाजारात आणला १९४७ साली. मध्ये १३० वर्षं गेली. सेकंदाला ६६७ वेळा अचूक पेट घेणारी ही यंत्रणा, आणि तिच्यात हलणारा भाग एकही नाही.

मित्र प्लग अर्धा आटा सैल करतो, गाडी स्टार्टर बॉक्सवर टेकवतो. बॉक्समधलं रबरी चाक फ्लायव्हीलला लागतं. चीं असा एक आवाज येतो आणि सगळं अडतं. पुन्हा चीं. तिसऱ्यांदा फिरतं. त्या चीं आवाजातच रन-इनचा सगळा मामला आहे.

या इंजिनाच्या पिस्टनला रिंग नसते. स्कूटरच्या पिस्टनला रिंगा असतात, त्याच कॉम्प्रेशन धरून ठेवतात. इथे पिस्टन म्हणजे भरपूर सिलिकॉन घातलेल्या अॅल्युमिनियमचा साधा गोळा आणि भोवती पितळेचं स्लीव्ह, आतून क्रोम चढवलेलं. कॉम्प्रेशन धरायचं ते निव्वळ बसवणीच्या घट्टपणावर. आणि हे स्लीव्ह सरळ नळी नसतं. वरच्या बाजूला ते शतांश मिलिमीटरच्या हिशेबात अरुंद केलेलं असतं. त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला आला की अडकतो. याला सगळे पिंच म्हणतात. नव्या इंजिनाचं फ्लायव्हील हातानं फिरवून बघा, वरच्या टोकाशी ते हलणार नाही.

मुद्दाम अडकेल असं का बनवायचं? कारण जिथे स्फोट होतो तो वरचा भाग जास्त तापतो आणि जास्त फुगतो. तापमान ८० अंशांनी वाढलं तर १६ मिलिमीटरचं पितळी स्लीव्ह व्यासात २५ मायक्रॉननं वाढतं, म्हणजे केसाच्या एक तृतीयांशानं. कारखान्यात हा फुगवटा आधीच वजा करून ठेवलेला असतो. थंड असताना जे तिरपं आहे, ते शंभर अंशांच्या वर सरळ होतं. हे इंजिन थंडपणी चुकीच्या मापाचंच असतं, बरोबर मापात येतं ते फक्त तापल्यावर.

म्हणून तो ड्रायर.

मला हे उशिरा कळलं. माझं पहिलं इंजिन, २.१ सीसीचं, मी जुन्या पद्धतीनं रन-इन केलं होतं. नवं आहे, जपायला हवं, तापू द्यायचं नाही, भरपूर इंधन सोडून गार-गार चालवायचं. चेतकचा दंडकच डोक्यात. सहा टाक्या मी ते खोक्यावर बसवून नुसतं गुरगुरत ठेवलं, डोक्यावर बोट टेकवता येत होतं इतकं गार. मला वाटलं किती सांभाळलं. आता हिशेब मांडतो तेव्हा पोटात कालवतं. मिनिटाला १२,००० फेरे, सहा टाक्यांची पस्तीसेक मिनिटं. म्हणजे चार लाखांहून जास्त वेळा मी पिस्टन त्या न उघडलेल्या अरुंद गळ्यात ठोकून बसवला आणि ओढून काढला. ज्या पिंचसाठी पैसे मोजले होते ती मीच घासून काढली. इंजिन ट्रॅकवर गेलं ते म्हातारं होऊनच. तापलं की बंद पडायचं, आणि फ्लायव्हील दोन बोटांनी गरगर फिरायचं. अजूनही काही जण ती पद्धत सांगतात. मी वाद घालत नाही, फक्त फ्लायव्हील फिरवून दाखवतो.

आताची रीत अशी, की इंजिन आधी बाहेरून सत्तरेक अंशांवर न्यायचं, मग सुरू करायचं. इंधनाची नीडल मोकळी ठेवायची म्हणजे इंधन आणि त्याबरोबर तेल जास्त जाईल. पण डोकं ९०-१००च्या आसपास राहिलं पाहिजे, थंडी असेल तर डोक्यावरच्या पात्यांना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायचं. दोन-तीन मिनिटं चालवायचं. थांबवायचं. पूर्ण गार होऊ द्यायचं. पुन्हा शेक, पुन्हा सुरू. धातू तापून गार झाला की आतले ताण थोडे सैल होतात, आणि क्रोमवरची, रॉडच्या कांस्य बुशमधली सूक्ष्म टोकं एकमेकांना घासून बसतात. ही टोकं मायक्रॉनच्या आसपासची. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

इंजिन पेटलं. अंगणात निळसर धूर, एरंडेलाचा गोडसर जळका वास, आणि पत्र्याच्या शेडवर आपटून दुप्पट झालेला आवाज. पण तो कोमल गंधार कुठेच नाही. आवाज जाड आहे, खर्जातला, अडखळणारा. इंधन जास्त झालं की मिश्रण दर फेऱ्याला पेटत नाही, एकाआड एक फेऱ्याला पेटतं. इंजिन टू-स्ट्रोक, पण वागतं फोर-स्ट्रोकसारखं. स्फोटांची संख्या निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. मित्र नीडलला स्क्रू-ड्रायव्हर लावून अगदी किंचित फिरवतो. इथली माणसं ते घड्याळाच्या तासांत मोजतात, "एक तास आत घे" म्हणजे आट्याचा बारावा भाग. आट्याचं अंतर अर्धा मिलिमीटर धरलं तर ती सुई सरकली ४० मायक्रॉन. अर्धा केस. तेवढ्यानं आवाज क्षणभर वरच्या सप्तकात उडी मारतो आणि परत खाली येतो. तानपुरा लावणारा दोरा सरकवून जवारी शोधतो, तसा चेहरा असतो त्याचा.

"पंच्याण्णव. चला, बंद."

असं आठ टाक्या चालायचं, म्हणजे एक लिटर इंधन. प्रत्यक्ष चालण्याचा वेळ धरा ४० मिनिटं आणि सरासरी १५,००० फेरे. एकूण सहा लाख. त्या सहा लाख फेऱ्यांत पिस्टन त्या पावणेदोन सेंटीमीटरच्या खोलीत येरझाऱ्या घालून २० किलोमीटर चाललेला असतो.

सहा लाखाला दुसरं माप शोधत होतो. आपलं हृदय मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या जरा वर पडतं. म्हणजे सहा लाख ठोके बरोबर सहा दिवसांचे. आपल्याकडे कुणी पाचव्या, कुणी सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर पुढचं लिहून जाते म्हणून. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्यात नवल काय.

पुढचं म्हणजे किती? शर्यतीच्या इंजिनाचं आयुष्य तासांत सांगत नाहीत, लिटरमध्ये सांगतात. हे किती लिटर चाललंय? पाच? मग अजून निम्मं आहे. दहा लिटर धरू. मिनिटाला २५ सीसी या दरानं ४०० मिनिटं होतात. सहा तास चाळीस मिनिटं. बस्स. एवढंच आयुष्य. चेतकच्या रन-इनचे ते २५ तास आठवा, तेवढ्या वेळात या इंजिनाच्या पावणेचार पिढ्या होऊन जातात. आणि याच्या सहा तास चाळीस मिनिटांपैकी ४० मिनिटं रन-इनची. साठ वर्षं जगणाऱ्या माणसाची सहा वर्षं.

त्या अवधीतले फेरे मात्र एक कोटी चौदा लाख. साध्या मोटारीचं इंजिन महामार्गावर मिनिटाला २,४०० फिरतं असं धरलं, तर एवढे फेरे ते ७९ तासांत करेल, ताशी ८०नं सहा हजार तीनशे किलोमीटरमध्ये. म्हणजे आपली नवी गाडी दुसऱ्या फ्री सर्व्हिसिंगच्या आगेमागे असते तेवढ्यात हे संपलेलं असतं. पिस्टन एकूण चाललेला असतो ३८३ किलोमीटर, जवळजवळ मुंबई ते कोल्हापूर, एकाही नव्या जागी न जाता.

हे आयुष्य अल्प वाटत असेल तर याच नायट्रोमिथेनवर पोसलेला एक थोरला चुलता अमेरिकेत आहे. टॉप फ्युएल ड्रॅगस्टर. इंधनात ९० टक्के नायट्रोमिथेन, हजार फुटांची सरळ धाव, पावणेचार सेकंदांत खलास. मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी तेवढ्यात होतात सुमारे ५०० फेरे. मग इंजिन उघडतात आणि पुन्हा बांधतात, पुढच्या ५०० फेऱ्यांसाठी. भोसरीतल्या या इंजिनाला तेवढे फेरे पाऊण सेकंदात होतात.

मित्रानं इंजिन थांबवलंय. आता तो फ्लायव्हील बोटानं हळूच फिरवतोय. कडेला पांढऱ्या मार्करचा एक ठिपका आहे. ठिपका वर आला की पिस्टन तळाला असतो. गार होताना स्लीव्ह आवळत जातं, त्या वेळी पिस्टन वरच्या गळ्यात राहिला तर तो तिथेच जखडतो. म्हणून तो तळाला आणून ठेवायचा आणि मगच चहाला जायचं.

ठिपका वर आला. त्यानं थर्मामीटर रोखला. ब्याऐंशी. थोड्या वेळानं एकसष्ट. गार व्हायला वीस मिनिटं लागतात, त्यांना कुठलाच गुणाकार लागू होत नाही. समोरची टपरी रविवारीही उघडी असते. आम्ही दोन कटिंग मागवले, आणि तो ड्रायरची वायर पुन्हा सोडवायला लागला. दुसरी टाकी.